निम्म्या चेहऱ्याचे फोटो

"सगळं दाखवायचं न्हाई," असं म्हणत ते समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायचे आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवायचे. समोर कोण आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. दूधवाला, पोस्टमन, कर मागायला आलेला नगरपालिकेचा शिपाई, सगळ्यांच्या हनुवट्या त्यांनी धरलेल्या. भाजीवालीची मात्र एकदाच धरली. त्यानंतर महिनाभर त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मंडईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भाजी आणावी लागली.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. शिंपी रस्त्यात भेटला तरी बोलता बोलता आपल्या खांद्याचं माप घेतो, न्हावी आपल्या मानेवरचे केस बघतो. आमचे हे शेजारी माणसाच्या नाकाची सावली गालावर कुठं पडते तेवढंच बघायचे. शाहूपुरीतल्या आमच्या बोळात त्यांना सगळे फोटोकाका म्हणत. नाव होतं, पण ते फक्त लाइटच्या बिलावर.

आधी ते सिनेमाच्या कंपनीत दिवे सांभाळायचे. नटीच्या गालावर किती उजेड पाडायचा आणि खलनायकाच्या डोळ्यांत किती, हे त्यांच्या हातात. कंपनी बंद पडली तेव्हा मालकांनी त्यांना एक दिवा देऊन टाकला. घंगाळाएवढा मोठा, तीन पायांवर उभा राहणारा. तो त्यांनी घरी आणला, पुढच्या खोलीच्या भिंतीला काळं घोंगडं ठोकलं, समोर एक स्टूल मांडलं, आणि झाला स्टुडिओ! फोटो धुवायचे न्हाणीघरात. त्यामुळे काकांच्या घरी आंघोळीला जायच्या आधी दारावर टकटक करून "उजेड करू का?" असं विचारावं लागे.

सगळी गंमत होती ती त्या एका दिव्यात. दुसरा दिवा नव्हता, आणि असता तरी काकांनी लावला नसता. एका बाजूनं उजेड टाकायचा, दुसरी बाजू अंधारात बुडू द्यायची. फारच वाटलं तर काकूंची भाकरीची परात घ्यायची आणि तिच्यावरून परतलेला इवलासा उजेड त्या अंधाऱ्या गालावर सोडायचा. "तिकडं बी माणूस हाय, एवढं कळलं म्हंजे झालं," ते म्हणायचे. काकू परात शोधत बाहेर यायच्या तेव्हा तिच्यात पीठ असायला हवं ते नसायचं, कुणातरी गिऱ्हाइकाचं तोंड असायचं.

दिवा लागला की आमच्या घरातला बल्ब लालसर व्हायचा. आई लाटणं थांबवून वर बघायची आणि म्हणायची, "बसला वाटतं कुणीतरी बकरा."

बकरे काही गप्प बसणारे नव्हते हो. कोल्हापूरचीच माणसं ती. तालमीतला एक पैलवान फोटो घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. आवाज असा की आम्ही सगळे खिडकीत.

"दुसरा हात कुठाय माझा?"

"अंधारात हाय की."

"अंधारात? मी जोर दोन्ही हातांनी मारलेत ओ! बदाम काय एकाच हाताला खाल्लं व्हय?"

काका जराही डगमगले नाहीत. "पैलवान, दिसतोय त्यो हात बघून माणूस न दिसणाऱ्या हाताला जास्त भितोय. टांगून तर बघा तालमीत."

पैलवानानं फोटो पुन्हा एकदा निरखला, मान हलवली, आणि खरंच नेऊन टांगला. पुढं त्या तालमीतली निम्मी पोरं एकेक हात अंधारात ठेवून फोटो काढून घ्यायला आली.

एका पेन्शनर मामलेदारांचा फोटो असा निघाला की जणू रात्री कुणाचा तरी गळा दाबून आलेत. ते भयंकर चिडले. पण त्यांच्या बायकोनं तो हातात घेतला, पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. घरी असेच असतात."

आता माझी गोष्ट सांगते, कारण काकांची खरी ओळख मला तिच्यातच झाली.

मी तेव्हा सातवीची फायनल परीक्षा पास होऊन मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिसायला बरी, तोंडानं फटकळ. आईला एकच घोर, माझ्या लग्नाचा. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कचेरीत कारकून होते. त्यांना जगात सगळं दोन्ही बाजूंनी सारखं लागायचं. मिशासुद्धा फूटपट्टीनं कापल्यासारख्या. दाखवण्यासाठी माझा फोटो काढायचं ठरलं तेव्हा अण्णा म्हणाले, चांगल्या स्टुडिओत जाऊ, मागं बागेचा पडदा असतो, कुंडी असते, कुंडीवर हात ठेवून उभी करतात. काकांनी ते ऐकलं. ते कुंपणापाशी येऊन नुसते उभे राहिले. तोंड असं केलं की जणू आम्ही त्यांना पंगतीतून उठवलं. शेवटी अण्णाच शरमले आणि मला तिथं पाठवलं.

आईनं मला पावडर थापली होती. काकांनी काकूंकडून ओला पंचा आणवला आणि ती सगळी पुसायला लावली.

"आता गं बाई! काळी दिसेल की पोरगी!" आई म्हणाली.

"दिसू दे. वैनी, तुम्ही भाईर बसा."

मग माझी हनुवटी धरली, तोंड दिव्याकडे वळवलं. "कशाचा तरी राग आण."

मला राग आणायची गरजच नव्हती. पावडर थापताना चडफडत होते, पुसताना आणखी चडफडले. कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घालून काका आतून ओरडले, "बास! अशीच ऱ्हा. हल्लीस तर बघ."

फोटो हातात आला आणि मी बघतच राहिले. निम्मा चेहरा काळोखात, दुसऱ्या बाजूचा एक डोळा नुसता पेटलेला. खरं सांगते, तोवर मी आरशात नाक आणि पुटकुळ्या बघायचे. आपण बघण्यासारख्या आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मला तो फोटो फार आवडला.

अण्णांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "ही मुलगी आहे का दरोडेखोर?"

पण तोवर मध्यस्थ दारात येऊन बसले होते. अण्णांच्या कचेरीतलेच ते गृहस्थ, हातकणंगल्याचं स्थळ घेऊन आलेले. मुलगा तिथल्या स्टेशनावर मालाच्या कचेरीत कामाला, थोडी शेती. आईवडील लहानपणीच गेलेले. त्याला वाढवायला आणि त्याची शेती राखायला त्याचा मामा आपलं गाव सोडून तिथं येऊन राहिलेला. मामानं स्वतः लग्न केलं नव्हतं. दुसरा फोटो काढायला सवड नव्हती, म्हणून तोच गेला.

आठवड्यात निरोप आला. "मुलगी बरी वाटते. पण उजव्या डोळ्याला काय झालंय?"

घरात जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. अण्णा फोटो नाचवत कुंपणापाशी गेले. काका शांतपणे म्हणाले, "उजवा? अवो, उजवा तर डाव्यापेक्षा भारी हाय. थांबा, त्यो बी काढून देतो."

आणि काढला. आता दिवा दुसऱ्या बाजूला, उजवा डोळा उजेडात, डावा अंधारात. दोन फोटो शेजारी ठेवले की पूर्ण मुलगी होते, असा त्यांचा हिशेब. अण्णांनाही तो पटला, कारण दोन्ही बाजू सारख्या झाल्या ना! दोन्ही फोटो एका पाकिटात घालून रवाना केले.

निरोप आला. "तुमच्या दोन मुली आहेत हे आधी सांगितलं नव्हतं. एकीचा उजवा डोळा अधू दिसतो, एकीचा डावा. आम्हाला कोणती देणार?"

मी पोट धरून हसले. आईनं पाठीत धपाटा घातला.

शेवटी मध्यस्थांनी हातापाया पडून त्यांना प्रत्यक्षच आणलं. मामा आणि भाचा, दोघंच. मामा धिप्पाड, पांढऱ्या मिशा, आणि फेटा डावीकडे असा ओढून बांधलेला की भुवईसकट डोळा त्याच्या सावलीत. मी चहा द्यायला वाकले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. लहानपणी देवी आल्या त्यात तो डोळा गेला होता, आणि त्यापायी त्यांना कुणी मुलगी दिली नाही, हे मला पुढं कळलं. डोळ्याची एवढी धास्ती या माणसाला का, हेही तेव्हाच कळलं.

मामांनी मला आधी डावीकडे बघायला लावलं, मग उजवीकडे. मग खिशातून सुई आणि दोरा काढला. "पोरी, ही ओव बघू."

तेव्हा मुली बघताना हे चालायचं. पण माझं टाळकंच सरकलं. तोंडाशी काहीतरी आलं होतं, आणि ते बाहेर पडलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. तेवढ्यात तो मुलगा उठला.

"मामा, आधी मला द्या. माझं डोळं कुणी बघितल्यात?"

त्यानं सुई घेतली. दोरा तोंडात ओला केला, नेम धरला, चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला. कानापर्यंत लाल झाला. मी उठून त्याच्या हातून सुई घेतली आणि एका दमात ओवली. तो इतक्या मोकळेपणानं हसला की काय सांगू.

मला तो मुलगा हवा होता. लाजबीज काही नाही, सरळ सांगते. ते स्थळ जमावं म्हणून मी त्या दिवसापासून अंबाबाईला रोज हात जोडत होते.

मामांनाही डोळ्यांची खात्री पटली. पण कपाळावरची आठी जाईना. "पोरगी चांगली हाय. पर भावकीत ते फोटू फिरलेत. बायकांनी दोनी पोरींना आंधळं करून टाकलंय. कुणाकुणाला सांगत बसू?"

मुलाची थोरली चुलती त्या भावकीत पुढारी होती. तिच्या बहिणीची मुलगी लग्नाची होती, आणि तिला ती याच घरात आणायची होती. भावकी नाही म्हणाली तर एकटा मामा काय करणार? तो तर त्या गावात पाहुणाच.

एवढ्यात फोटोकाका दारात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते सरळ आत आले, मामांसमोर उभे राहिले, आणि दोन बोटांत मामांची हनुवटी धरली!

अण्णांनी डोळेच मिटले. मुलगा खुर्चीतून अर्धा उठला. मामा तर असे थिजले की आता उजवा हात काकांच्या कानाखाली बसतो असं मला वाटलं.

"पावणं," काका म्हणाले, "काय नाक हाय ओ तुमचं! फोटो हाय का कुठं?"

"न्हाय," मामा म्हणाले. "आपण न्हाई काढत."

"कधीच?"

"कधीच."

काकांनी मामांचं मनगट धरलं आणि "चला" म्हणाले. आता गावाकडचा एवढा दांडगा माणूस, पण गेला की लहान पोरासारखा! कुणी हाताला धरून फोटोला चल म्हणावं याची त्यांनी किती वर्षं वाट बघितली असेल, कोण जाणे.

काकूंची परात पिठात गुंतलेली, म्हणून आमची मागवली, आणि धरायला मला बोलावलं. बघायला आलेल्या लोकांसमोर, नेसत्या जरीच्या लुगड्यात, मी परात घेऊन उभी. मुलगा समोरच्या भिंतीशी.

"जड हाय का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही."

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच.

काकांनी दिवा लावला, फिरवला, उजव्या बाजूला नेला. नेहमी बघितलं होतं तशी मी परात डाव्या गालाकडे वळवली. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "आज परात नको. खाली ठेव."

मी ठेवली. मामांची डावी बाजू पार अंधारात गेली. काका काय करताहेत ते मला कळलं.

"कुठं बघू म्या?" मामांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"भाच्याकडं बघा."

मामांनी बघितलं, आणि तो अख्खा कठोर चेहरा सैल झाला.

आठ दिवसांनी ते एकटेच आले फोटो न्यायला. काकूंनी पुढं केलेला फोटो त्यांनी लांब धरला, जवळ धरला. फेटा, मिशी, धारदार नाक आणि भाच्यावर खिळलेला तो एक डोळा. एखाद्या जुन्या सरदाराचा असावा असा फोटो.

"ह्यो म्या हाय?" ते म्हणाले. मग पाणी मागितलं आणि तांब्या संपेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही. जाताना अण्णांना म्हणाले, "पोरगी आमची. भावकीत सांगतो आन् बोलावतो तुमास्नी."

आई देवापुढं साखर ठेवायला धावली. आणि पुढच्याच आठवड्यात मध्यस्थ पडल्या चेहऱ्यानं आले. "सध्या थांबा म्हणतायत."

झालं होतं असं. मामांनी फोटो घराच्या पुढच्या सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टांगला. अख्खा गाव बघायला लोटला. मामाला दोन्ही डोळे असावेत असाच तो फोटो दिसत होता. थोरल्या चुलतीनं कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "ज्या गड्यानं मामाचा डोळा बरा केला, त्यानं पोरीचा केला नसंल कशावरनं?"

बघा आता! काकांनी आयुष्यात सगळ्यात मायेनं काढलेला फोटो, आणि त्यानंच माझ्या गळ्याला फास लागला.

अण्णा तसे सौम्य. पण त्या दिवशी ते कुंपणापाशी उभे राहून बोळ ऐकेल असे ओरडले. "तुमच्या अंधारापायी माझी मुलगी घरात बसणार! फोटो म्हणजे काय चेष्टा वाटली?"

नेहमी एकाला चार सुनावणारा माणूस, नुसता खाली बघत राहिला. आमच्या घरातला बल्ब त्यानंतर लाल होईनासा झाला. आई वर बघायची आणि पुन्हा लाटायला लागायची. मी शाळेतून येऊन उशीत तोंड खुपसायचे. मलाही काकांचा राग आला होता, पण तो राग धरून ठेवता येत नव्हता, कारण त्या दिवशी परात धरून मी सगळं बघितलं होतं.

मग एका रविवारी सकाळी काका काकूंची परात काखेत मारून स्टेशनाकडे निघाले. काकू मागून ओरडत होत्या, "अवो, भाकरी कशात थापू?" काकांनी वळून बघितलं नाही. त्या दिवशी काकूंनी ताटात पीठ मळलं, आणि भाकऱ्या सगळ्या वेड्यावाकड्या झाल्या.

हातकणंगल्याला काय घडलं ते मला आमच्या ह्यांनी सांगितलं. काका स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत.

भावकी सोप्यात जमलेली. काका परात घेऊन मधोमध उभे. आधी त्यांनी परात दारातल्या उन्हात धरून भिंतीवर उजेडाचा कवडसा पाडून दाखवला. बायकांना वाटलं, जादूगार आलाय. पोरं टाळ्या पिटायला लागली. "असा उजेड टाकतो आमी," काका म्हणाले, "आन् असा काढून घेतो. पोरीचं दोनी डोळं शाबूत हायेत. मी आंधार केला त्यो फक्त देखणं दिसावं म्हणून."

"आन् मामाचा?" थोरली चुलती म्हणाली. "मामाचा बी देखणं दिसावं म्हणून केला, का डोळा झाकायला केला? आं? सांगा की आता."

काकांना एवढंच बोलायचं होतं. मामांच्या फोटोतला अंधार डोळा झाकायला केला, पोरीचं तसं नाही. तेच सांगायला ते एवढ्या लांब आले होते. पण मागं भिंतीवर तो फोटो होता, काचेच्या चौकटीत लखलखणारा. आणि फोटोखाली मामा बसले होते, फेटा डावीकडे ओढून. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. परात या हातातून त्या हातात घेतली. अंगणातल्या म्हशीकडे बघितलं.

"म्या बगितलीया पोरगी," मामाच मग म्हणाले. "समोर बसून बगितलीया."

"बगितलं म्हंता," चुलती म्हणाली, "कुठल्या डोळ्यानं?"

सगळा सोपा हसला. ह्यांच्या हाताच्या मुठी आवळल्या. मामा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं. मग दोन्ही हात वर नेऊन फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. ह्यांनी जन्मात मामांना घराबाहेर, चारचौघांत बिनफेट्याचं बघितलं नव्हतं.

"ह्यो बगा," मामा म्हणाले. "सगळ्यांनी नीट बगून घ्या. ह्यो गेलाय, म्हणून फोटूत झाकला. त्या माणसानं माझी लाज राखली. पोरीला झाकायजोगं काय न्हाय. मला डोळा न्हाय म्हणून पोरगी दिली न्हाय कुणी. डोळा हाय त्या पोरीला तुमी न्हाई म्हणताय व्हय? मग कुणाला व्हय म्हणणार हाय ही भावकी?"

भावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस कोपऱ्यात बसला होता. तो खाकरला आणि म्हणाला, "सुपारी कवा फोडायची ते ठरवा."

काका संध्याकाळच्या गाडीनं परत आले ते थेट आमच्याकडे. काकूंची परात आईच्या हातात दिली. "जमलं," एवढंच म्हणाले आणि आमच्याच ओट्यावर बसले. अण्णा आतून चहा घेऊन आले. दोघांनी एकमेकांकडे न बघता तो प्यायला.

लग्न आमच्या बोळात मांडव घालून झालं. सगळ्या वऱ्हाडाचा एकत्र फोटो काढायचा मान काकांचाच. त्यांनी दिवा मांडवात आणला आणि नेमका मुलीकडच्या बाजूला उभा केला. आमची माणसं उजळून निघाली, आणि मुलाकडची आख्खी भावकी काळोखात.

थोरली चुलती रांगेतून ओरडली, "आमच्याच बाजूला आंधार कशापाय?"

काका काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "तुमची बाजू आंधारातच शोभून दिसती, बाई."

त्यावर जी हमरीतुमरी झाली ती मिटवायला मुंडावळ्या सावरत आमच्या ह्यांनाच मधे पडावं लागलं. तो फोटो आजही आमच्याकडे आहे. त्यात चुलतीचं फक्त नाक दिसतं.

जेवणं उरकत आली तेव्हा मामा काकांजवळ आले. "एक फोटू माझा काढा. सरळ."

"सरळ म्हंजे?"

"दोनी बाजूंनी उजेड टाकून."

काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "मामा, सगळं दाखवायचं?"

"दावा. आता कुणापासनं झाकायचं?"

काकांनी दिव्याला हातसुद्धा लावला नाही. मामांना अंगणात भर उन्हात बसवलं, बिनफेट्याचं, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे. उन्हाची सावली पडत होती ती पुसायला परात हवी होती. मी पुढं झाले.

"अगं बया! नवी नवरी परात काय धरतीस!" काकू ओरडल्या. पण मी धरली, हिरव्या बांगड्यांच्या हातांनी धरली, आणि डाव्या गालावर भरपूर उजेड टाकला. अंधाराशिवाय काढलेला काकांचा तो एकच फोटो. तो काढताना ते एकदाही ओरडले नाहीत, आणि मामांच्या हनुवटीला बोटही लावलं नाही.

पुढं मी हातकणंगल्याला संसारात बुडाले. माहेरी येईन तेव्हा काका दारात असायचे, आल्या आल्या माझी हनुवटी धरायचे, "गाल भरले, सावली मोडली," म्हणून कुरकुरायचे. माझी मुलं त्यांना घाबरायची आणि पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच पळायची.

मग एका उन्हाळ्यात निरोप आला. काका गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

आम्ही लगेच निघालो. मामा फार थकले होते, गुडघे धरले होते. ह्यांनी म्हटलं, तुम्ही नका येऊ. मामा काठी घेऊन आमच्या आधी स्टेशनावर जाऊन बसले.

काकू पुढच्या खोलीतच बसल्या होत्या. बोळातल्या बायका, पैलवान, कचेरीतली माणसं, खोली भरलेली. मामांना बघून सगळे सरकले. मामा खाली बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, गाडीत पुटपुटत होते. काकूंसमोर मात्र नुसती मान हलवत राहिले.

मी त्यांच्या शेजारीच होते. त्या घरात सून म्हणून मी इतकी वर्षं वावरले, मामांना जेवायला वाढलं, औषध दिलं. त्यांच्या त्या गेलेल्या डोळ्यालाही पाणी येतं, हे मला त्या दिवशी दिसलं. दोन्ही डोळे सारखे वाहत होते. मामांनी ते पुसले नाहीत.